बाबांची गिटार बासष्टची की चौसष्टची?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 46. वडील गेल्या वर्षी वारले. उमेदीची वीस-बावीस वर्षं ते ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत. गणपती, नवरात्र, लग्नांचे स्वागतसमारंभ, कारखान्यांची वार्षिक संमेलनं असे त्यांचे कार्यक्रम असत. गिटार फेंडर कंपनीची प्रिसिजन बास. 1974 साली मुंबईतल्या एका ज्येष्ठ गोवेकर वादकाकडून ती त्यांनी हप्त्याहप्त्यानं घेतली. त्या वादकाचा भाऊ बोटीवर कामाला होता, त्यानं ती बाहेरून आणली होती. ‘ही बासष्टची आहे’ असं बाबा जन्मभर सांगत आले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, स्टेजवर साथीदारांची ओळख करून देतानासुद्धा.

आता धाकट्या भावानं पाठीमागच्या प्लेटवरचा नंबर इंटरनेटवर टाकून पाहिला. एल अक्षर आणि पुढे 2 नं सुरू होणारे पाच आकडे. एका तक्त्यात 1963 निघालं, दुसऱ्यात 1964. मग दोघं गिटार घेऊन जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं मान उतरवली, तर तिच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, ‘5 डिसें 63 सी’ असा शिक्का. आत दोन पॉट (आवाजाच्या बटणांखालचे भाग), एकावर 3046340, दुसऱ्यावर 1377812. व्यापारी म्हणाला, ‘दुसरा पॉट अठ्ठ्याहत्तरचा आहे. तीन तारखा तीन तऱ्हेच्या. हे सगळं इकडून तिकडून जमवलेलं आहे.’ एक रक्कम सांगितली आणि आठ दिवसांची मुदत दिली. भाऊ म्हणतो देऊन टाकू. आई तेव्हापासून गप्प आहे. एकदाच बोलली, ‘म्हणजे हे इतकी वर्षं खोटं सांगत होते?’ ताई विचारतात, नंबर खरा मानायचा की बाबांचा शब्द? आणि गिटार ठेवायची की विकायची?

प्रिय ताई,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. त्या व्यापाऱ्याला कळवून टाका की आठ दिवसांत उत्तर मिळणार नाही. साठ वर्षांची गिटार आणखी दोन महिने घरात राहिली तर तिचं मोल कमी होत नाही. ज्याला ती खरंच हवी आहे तो थांबतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. नंबर की बाबांचा शब्द, असं तुम्ही विचारलंत. त्यात तुम्ही धरून चालला आहात की नंबर म्हणजे गिटारचा जन्मदाखला. मोटारीचा चॅसी नंबर पाहिला की गाडीचं साल कळतं, तसंच इथंही असणार, असं कुणालाही वाटेल. मी पंचवीसेक वर्षं गिटारी उघडतो आणि जोडतो आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मलाही असंच वाटायचं.

फेंडरच्या गिटारी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात तयार होत. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. बिघडलेला भाग काढता यावा आणि नवा बसवता यावा, ही त्यांची पद्धत. म्हणून त्यांच्या गिटारची मान बॉडीला सरसानं चिकटवलेली नसते, चार स्क्रूंनी कसलेली असते. स्क्रूंची डोकी लाकडात रुतू नयेत म्हणून पाठीमागे धातूची चौकोनी प्लेट. तुमचा नंबर आहे तो या प्लेटवर. या प्लेटांवर नंबर आधीच ठोकलेले असत आणि जोडणीच्या टेबलाजवळ त्या डब्यात पडलेल्या असत. कामगाराच्या हाताला जी येईल ती तो लावी. वरची आधी गेली, तळातली महिनोन्‌महिने तळातच राहिली. त्यामुळे लहान नंबराची गिटार आधीची आणि मोठ्या नंबराची नंतरची, हा हिशोब फेंडरला लागू पडत नाही. एलच्या प्लेटा 1962 च्या अखेरीपासून 1965 पर्यंत वापरात होत्या, एवढं मात्र पक्कं सांगता येतं. त्याच्या आतलं साल तक्त्यात पाहाल तर ते अदमासाचं आहे. अस्सल गिटारींवर सापडलेल्या इतर तारखांवरून लोकांनी ते मागाहून बसवलं आहे. म्हणूनच 20,000 च्या आसपासचा नंबर एका तक्त्यात 63 मध्ये पडतो आणि दुसऱ्यात 64 मध्ये. दोघांतलं कुणी तुम्हाला फसवत नाही.

म्हणून प्लेट बाजूला ठेवू आणि मानेकडे वळू.

व्यापाऱ्यानं तुम्हाला तो शिक्का ‘5 डिसेंबर 1963’ असा वाचून दाखवला, असं तुम्ही लिहिलं आहे. तिथं त्याची चूक झाली, आणि ही चूक अगदी सर्रास होते. सुरुवातीचा 5 हा दिवस नाही. तो मॉडेलचा क्रमांक आहे. त्या काळात फेंडरच्या मानेवर स्ट्रॅटोकास्टरसाठी 2, टेलिकास्टरसाठी 3, प्रिसिजन बाससाठी 5 आणि जाझ बाससाठी 7 असे आकडे मारत. शेवटचं अक्षर नटाची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, रुंदी सांगतं. ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी म्हणजे पावणेदोन इंच. तुमच्या शिक्क्याचा अर्थ असा की प्रिसिजन बासची मान, पावणेदोन इंची नट, डिसेंबर 1963. हे घरीच पडताळता येईल. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि तारा जिथून डोक्याकडे वळतात तिथली ती हाडासारखी पांढरी पट्टी आडवी मोजा. 44 मिलिमीटरच्या आसपास भरली तर शिक्का आणि मान एकमेकांना धरून आहेत. 38 भरली तर मला लगेच कळवा.

हा शिक्का मान तयार झाल्याचा आहे. मान तयार झाली की फळीवर जाई आणि मागणी येईल तशी बॉडीवर चढे. कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. गिटार पुरी झाली त्या दिवसाची तारीख कारखान्यानं कुठेच लिहिलेली नाही, आणि म्हणूनच आपल्याला तुकड्यातुकड्यानं ती शोधावी लागते.

तिसरा साक्षीदार पॉट. आवाज कमी-जास्त करायची बटणं ज्यांच्यावर बसतात ते गोल डबीसारखे भाग. यांचे आकडे गिटारवाल्यांचे नाहीत, अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांसाठी ठरलेली ती सगळ्यांची एकच पद्धत आहे. पहिले तीन आकडे बनवणारी कंपनी, 304 म्हणजे स्टॅकपोल आणि 137 म्हणजे सीटीएस. त्यापुढे साल आणि आठवडा. तुमचा पहिला पॉट 304, 63, 40. स्टॅकपोल कंपनी, 1963 चा चाळिसावा आठवडा, म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. (पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो, तेव्हा तिथं सहाच आकडे दिसले तर गोंधळू नका.)

आता हे एका ओळीत मांडून पाहा. ऑक्टोबरात पॉट तयार झाला. डिसेंबरात मान. प्लेट 63-64 ची. पॉट आधी, मान नंतर, जोडणी त्याच्याही नंतर, अगदी असायला हवा तसा क्रम. इकडून तिकडून जमवलेल्या गिटारीत तारखा दोन दोन, पाच पाच वर्षांनी विखुरलेल्या सापडतात. इथं त्या तीनेक महिन्यांत बसतात. माझा अंदाज विचाराल तर ही गिटार 1964 च्या सुरुवातीला पुरी झाली. डिसेंबर 63 च्या आधी नक्की नाही, कारण कुठलीही गिटार तिच्यातल्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. साल काढताना हा एक नियम धरून चाललं की बऱ्याच गफलती टळतात. उलट बाजूनं मात्र तो चालत नाही. फेंडरनं 1966 साली पॉटचा इतका मोठा साठा घेऊन ठेवला की पुढच्या काही वर्षांच्या गिटारींतही 66 चेच पॉट निघतात. पॉट जुना म्हणून गिटार तेवढीच जुनी, असं कुणी सांगितलं तर ते मानू नका.

प्लेट बदलता येते, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. एलच्या नंबराच्या नकली प्लेटा उघड विकत मिळतात. म्हणून मी तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले. मानेच्या टाचेकडून काढलेल्या फोटोत काळसर शिसवी फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं टेकवायची पट्टी) आणि खालचं फिकट मेपलचं लाकूड यांची जोडरेषा दिसते. ती कमानदार आहे. 1959 ते 1962 च्या मध्यापर्यंत फेंडर शिसवीची जाड सपाट पट्टी लावत असे, त्यामुळे तिथं जोडरेषा सरळ दिसते. त्यानंतर लाकूड गोलाईत कापून पातळ थर चढवू लागले. तुमची कमान 62 च्या उत्तरार्धानंतरची. फिंगरबोर्डवरचे ठिपके मळकट, वाळल्या मातीच्या रंगाचे आहेत, त्यांना शिंपल्याची चमक नाही. चमकणारे ठिपके फेंडरनं 64-65 च्या सुमारास आणले. आणि पॉटच्या पोकळीतल्या तारांवर कापडी वेष्टण आहे. हे सगळं तुमच्या शिक्क्याशी जुळतं. मान-बॉडी मुळापासून एकत्र आहेत का, हे मात्र फोटोवरून सांगायचं धाडस मी करणार नाही. त्यासाठी स्क्रूची भोकं, मानेच्या खाचेतला रंग आणि बॉडीवरचा मूळ रंग टिकला आहे का, हे प्रत्यक्ष पाहावं लागतं.

राहिला दुसरा पॉट, ज्यावरून सगळं रामायण झालं. 137, 78, 12. सीटीएस कंपनी, 1978 चा बारावा आठवडा, म्हणजे मार्च. व्यापाऱ्यानं तो वाचला बरोबर. पण तुमच्याच पत्रात लिहिलं आहे की बाबांनी गिटार 1974 साली घेतली. मग 78 साली बनलेला पॉट तिच्यात गेला कधी? बाबांच्या हातात असताना. दुसरी कुठलीही शक्यता नाही. पॉट ही झिजणारी वस्तू आहे. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून काटा फिरतो. धूळ, दमट हवा, मांडवातली गर्दी आणि रात्री-अपरात्रीचा टेम्पोचा प्रवास यांनी ती खरखरू लागते. बटण फिरवलं की स्पीकरमधून करकर येते, पुढे पुढे आवाज मध्येच जातो. कार्यक्रमांवर पोट असलेला वादक तो पॉट बदलणारच. तुमच्या फोटोत त्याच्या पाठीवर सोल्डरचा मोठा, ओबडधोबड गोळा आहे, आणि शेजारच्या जुन्या पॉटवरचा लहान आणि गुळगुळीत. दोन वेगळे हात आहेत ते.

म्हणजे ज्याला व्यापारी जुळवाजुळवीचा पुरावा म्हणाला तो तुमच्या बाबांच्या वापराचा पुरावा आहे. बाजारात यानं किंमत थोडी कमी होते, हे खरं. एक पॉट बदललेला आणि बाकी सगळं मूळ, अशी गिटार मात्र कुणीही जाणकार जमवलेली म्हणणार नाही.

आता ‘बासष्ट’. आईंना मी काय सांगितलं असतं ते लिहितो. बाबांनी ती गिटार 74 साली घेतली तेव्हा त्यांना साल कुणी सांगितलं? विकणाऱ्यानं. त्याला कुणी सांगितलं? बोटीवरच्या भावानं. त्यानंही ती परक्या बंदरात कुणाकडून तरी वापरलेलीच घेतली असेल. तेव्हा ना इंटरनेट होतं, ना मान उतरवून शिक्का वाचायची कुणाला गरज होती. ज्या माणसाकडून हप्त्यानं वाद्य घेतलं त्याचा शब्द बाबांनी मानला आणि तोच पुढे सांगितला. दोन वर्षांचा फरक पडला. ऐकलेलं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला आपण खोटं बोलणारा म्हणत नाही. आणि ज्याला किंमत वाढवून सांगायची असते तो ती विकायला काढतो. बाबांनी तर ती शेवटपर्यंत घरात ठेवली.

किंमतीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. बासष्ट की चौसष्ट यानं तुम्हाला वाटतो तितका फरक पडत नाही. संग्राहकांची मोठी रेघ 1965 च्या जानेवारीत आहे, सीबीएस या कंपनीनं फेंडर विकत घेतली तेव्हा. त्याआधीच्या गिटारींना वेगळा मान आहे, आणि तुमची त्याआधीची आहे. मूळ रंग टिकला आहे का, पिकअप (तारांची थरथर पकडणारा भाग) मूळ आहे का, कुठं नवी भोकं पाडली आहेत का, यांवर किंमत फार हलते. व्यापाऱ्यानं रंगाबद्दल एक शब्दही काढला नाही, हे मला खटकलं. सगळ्यात आधी तेच पाहतात.

तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. एखाद्या घरात गिब्सन कंपनीची गिटार असेल तर तिथला घोळ निराळा. 1961 ते 69 या काळात गिब्सननं तेच तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले. एकाच नंबराच्या तीन-चार गिटारी, सालं वेगळी, मॉडेलं वेगळी. तिथं एकट्या नंबरावरून साल सांगणाऱ्याचं ऐकू नका, पॉट आणि इतर भाग पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. 1977 पासून मात्र आठ आकड्यांची सुटसुटीत पद्धत आली. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन आकडे वर्षातला कितवा दिवस. 82765501 असेल तर पहिला 8 आणि पाचवा 5, म्हणजे 1985, आणि मधले 276, म्हणजे ऑक्टोबरची 3 तारीख. शेवटचे तीन आकडे त्या दिवसाचा अनुक्रम सांगतात. ही पद्धत सुरू झाली तेव्हा 500 च्या आतले कलामाझूच्या कारखान्यातले आणि 500 पासून पुढचे नॅशव्हिलचे. 1994 साल तेवढं अपवाद, त्या वर्षी नंबर 94 नं सुरू होतात.

आपल्याकडे जपानी आयबानेझ कंपनीच्या गिटारी जास्त दिसतात, आणि तिथं एक खड्डा आहे ज्यात माझा एक मित्र पडला. त्याची गिटार एफ82 नं सुरू होणारी, पुढे चार आकडे. 1975 पासूनच्या जुन्या पद्धतीत पहिलं अक्षर महिना सांगतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे साल. त्यानं वाचलं जून 1982, आणि तेवढे पैसे मोजले. पण 1987 पासून पद्धत बदलली. एफ म्हणजे फुजीजेन हा कारखाना, पुढचा एकच आकडा साल, बाकीचा अनुक्रम. त्याच नंबराचं वाचन मग 1988 होतं. आकडे तितकेच, अक्षर तेच. खरं काय ते हेडस्टॉकवरच्या, म्हणजे मानेच्या डोक्यावरच्या, मॉडेलच्या नावानं सांगितलं. ती आरजी550 होती, आणि ते मॉडेलच 1987 साली आलं. नंबराआधी मॉडेल कधी निघालं ते पाहायचं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

आणि ‘बासष्टची फेंडर’ म्हणून कुणी काही विकत असेल तर प्लेटवर व्ही अक्षर नाही ना, ते बघा. 1982 पासून फेंडरनं स्वतःच आपल्या 57 आणि 62 च्या गिटारींच्या हुबेहूब आवृत्त्या काढल्या. अमेरिकेतल्यांवर व्ही, जपानातल्या सुरुवातीच्यांवर जेव्ही. फार चांगली वाद्यं आहेत ती, मी स्वतः एक वाजवतो. पण ‘62’ हे तिथं मॉडेलचं नाव आहे. जन्मसाल वीस वर्षं पुढचं. तुमच्या बाबांची ही भानगड नाही, त्यांनी ती 74 सालीच घेतली होती.

आता ठेवायची की विकायची. याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, पण त्याआधी कुणाला विचारायचं ते सांगतो. पत्रात भावाचं मत आहे, तुमची घालमेल आहे, आईंचं मत कुठंच नाही. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचा त्या गिटारवर सारखा हक्क आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हप्त्यांच्या दिवसांत घर आईंनीच चालवलं असणार. भावाला पैशाची नड आहे का, हेही एकदा मोकळेपणानं विचारा. नड असेल तर तिचा वेगळा मार्ग निघेल. नुसती ‘पडून खराब होईल’ ही भीती असेल तर तिच्यावर उपाय सोपा आहे, पुढे लिहितो.

विकायचं ठरलं तर जो विकत घेणार आहे त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नका. जुन्या गिटारी दुरुस्त करणाऱ्या आणि विकत न घेणाऱ्या माणसाला फी देऊन पाहायला सांगा. त्याच्याकडून फोटोंसकट लेखी टिपण घ्या, मूळ काय आणि बदललेलं काय असं भागवार. बदललेला पॉट त्यात स्वतःहून लिहा, लपवू नका. परदेशातल्या गिऱ्हाइकानं विचारलं तर एक अडचण आधीच लक्षात ठेवा. त्या काळातल्या फेंडरच्या फिंगरबोर्डला साधारणपणे ब्राझिलियन रोजवुड हे शिसवी लाकूड असे. 1992 पासून ते लाकूड साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. परवान्याशिवाय सीमेपार पाठवली तर कस्टमवाले जप्त करू शकतात. गिटार जुनी असली तरी ती जुनी असल्याचे कागद लागतात. ‘पार्सल करून टाका, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आणि एक तिसरी वाट मला सुचवावीशी वाटते. गावातल्या एखाद्या भरवशाच्या बासवादकाला ती महिन्यातून एकदा घरी येऊन वाजवायला सांगा. घराबाहेर न्यायची नाही. वाद्य हलतं राहतं, पॉट जाम होत नाहीत, मानेला बाक आला तर वेळीच कळतं. तुमच्या निर्णयाला हवा तेवढा वेळ मिळतो.

दरम्यान ती माळ्यावर ठेवू नका, भिंतीला टेकवूनही नको. केसमध्ये, कपाटात, तारा दोन-तीन वळसे सैल करून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदला. रबराच्या स्टँडवर ठेवलीत तर जुना नायट्रो (नायट्रोसेल्युलोजचा) रंग रबराशी चिकटून सोलून निघतो. पुसायला कोरडं सुती फडकं पुरे. थिनर, स्पिरिट, फर्निचरचं पॉलिश काहीही लावू नका. बॉडीवर बाबांच्या हाताच्या घासण्यानं रंग उडालेला जो पट्टा तुमच्या फोटोत दिसतो त्याला कुणालाही ‘टचअप’ करू देऊ नका. जाणकाराच्या तपासणीखेरीज मान आता पुन्हा उतरवायची नाही, दर वेळी स्क्रूची लाकडातली पकड कमी होते. पिकअप तर मुळीच उचलायचा नाही. आतली तार 0.06 मिलिमीटरची असते, केसाहून बारीक, आणि साठ वर्षांनी ती जरा ओढली तरी तुटते.

केसच्या आत तारांसाठी झाकणाचा एक छोटा कप्पा असतो. तो अस्तरासकट तपासा. मला अशा कप्प्यांत हप्त्यांच्या चिठ्ठ्या, कार्यक्रमांच्या याद्या, जुन्या तारांची पाकिटं सापडली आहेत. बाबांनी पॉट बदलताना काढलेला जुना भागही कदाचित तिथंच असेल, पुडीत बांधलेला. वादक मंडळी तो सहसा टाकत नाहीत. मिळाला तर त्याच्यावरचे आकडे वाचा. 304 नं सुरू होत असतील आणि पुढे 63 असेल तर तोच या गिटारचा मूळ दुसरा पॉट, आणि तिच्याबरोबरच जपून ठेवा.

आणि आईंशी बोलाल तेव्हा सालाचा विषय काढू नका. एवढंच विचारा, की अठ्ठ्याहत्तरनंतर कधी बाबांनी गिटार उघडली होती का? कुठल्या कार्यक्रमात आवाज गेला होता? आणि अमेरिकेत बनलेला तो पॉट तेव्हा त्यांना कुणी आणून दिला, तोच बोटीवरचा भाऊ का? हे सांगू शकणारं माणूस आता तुमच्या घरात त्या एकट्याच आहेत. त्या जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा आणि कागद केसमध्ये ठेवून द्या. मलाही कळवा.

तुमचा
सदरलेखक